पित्ताशयाची सूज

“त्या घरात तुला फ्रेंच येतं हे कोणाला दाखवू नकोस,” निघायच्या आदल्या दिवशी सासूने विदादला बजावलं होतं. “नाहीतर सुट्टी राहील बाजूला आणि याचं त्याला सांगत बसशील.”

सासू, म्हणजे हनिया, लग्नाआधी ट्युनिसच्या एका इस्पितळात बारा वर्षं आया होती. राजधानीतली माणसं आपण आतून-बाहेरून ओळखतो असं तिला वाटायचं. विदादला तसं मुळीच वाटत नसे. ती हसली. जंदूबाच्या कॉलेजात ती तीन वर्षं जीवशास्त्र शिकली ते सगळं फ्रेंचमधूनच. अजूनही शरीराच्या आतल्या भागांची नावं तिला आधी फ्रेंचमध्ये आठवायची आणि मग आपल्या अरबीत. शाळेची पायरी चढलेल्या कोणालाही येतं ते. त्यात लपवायचं काय? सासूचं बोलणं तिने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्या हाताने पिशवीत तापाचं औषध, थर्मामीटर, उकळून गार केलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि पुरळावरचं मलम भरत राहिली. तस्नीम चौदा महिन्यांची होती. तिला घेऊन पहिल्यांदाच केफच्या बाहेर पडायचं म्हणजे विदादच्या जिवाला घोर. नवऱ्याला, सामीला, पोस्टातून रजा मिळाली नव्हती. ट्युनिसच्या मावशीने मात्र तीनदा फोन केला होता, की वसंताच्या सुट्टीत पाच दिवस तरी ये, पोरीला समुद्र दाखव.

आठ माणसं भरली की सुटणाऱ्या गाडीने ती केफहून निघाली आणि दुपारी ट्युनिसला, लाफायेतमधल्या त्या जुन्या इमारतीखाली उतरली. घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण तिला आतलं दार नव्हतं. वर जाताना समोरची भिंत उघडीच्या उघडी खाली सरकत जायची. त्या भिंतीत तस्नीमची बोटं अडकलेली विदादला डोळ्यांसमोर दिसली. पाचही दिवस तिने पोरीला कडेवर घेऊन जिनाच चढला.

घरात चार माणसं. शाद्लियामावशी, वय एकाहत्तर. तिचा मुलगा लुत्फी, बंदरातल्या कचेरीत कामाला, घरात कमी आणि फोनवर जास्त. त्याची बायको दोर्साफ, बँकेत. आणि त्यांची आठ वर्षांची लिना, जिला आजी अरबीत हाक मारायची आणि जी आजीला फ्रेंचमध्ये ओ द्यायची.

मावशी वाळली होती. गळ्याखालची हाडं वर आली होती आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर झाला होता. विदादने तो रंग दारातच टिपला. पण मावशीने तस्नीमला ओढून घेतलं, तिच्या गालांचे पटापट मुके घेतले आणि म्हणाली, “ही तर मबरूकाच. नाक वर करून बघतेय बघ, कोणी आधी बोलतंय का म्हणून.”

मबरूका म्हणजे विदादची आई. शाद्लिया आणि मबरूका सख्ख्या बहिणी, आणि सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यांची आई केफला ऐन ऑगस्टात गेली. मबरूकाने बहिणीला लगेच कळवलं, पण लुत्फीची गाडी निघायला उशीर झाला, उन्हाचा कहर, इमाम थांबायला तयार नाहीत. शाद्लिया पोचली तेव्हा आईला मातीत ठेवून पुरुषमंडळी परतसुद्धा आली होती. सांत्वनाला आलेल्या वीस-पंचवीस बायकांसमोर शाद्लिया धाकटीला म्हणाली, “आईचं तोंडसुद्धा बघू दिलं नाहीस मला.” मबरूका म्हणाली, “वर्षभर जिवंत होती तेव्हा कुठे बघत होतीस तिचं तोंड?” त्यानंतर एकीने दुसरीच्या दाराचा उंबरा ओलांडला नाही. ईदला दोघी विदादला फोन करायच्या आणि दुसरीची खुशाली तिसऱ्याच कोणाबद्दल विचारावी तशी विचारायच्या.

पहिले दोन दिवस बरे गेले. विदादला शहराची गंमत वाटत होती. पाट्यांवर अरबी उजवीकडून यायची आणि फ्रेंच डावीकडून, आणि दोन्ही दुकानाच्या मधोमध येऊन एकमेकींना टेकायच्या. भाजीवाल्याशी घासाघीस अरबीत व्हायची, औषधवाल्याकडे गेलं की तीच बाई आवाज बारीक करून फ्रेंच बोलायला लागायची. फोन नंबर सगळे फ्रेंचमध्ये सांगायचे, शिव्या सगळ्या अरबीत द्यायचे. ट्रामच्या दारात एका माणसाने विदादला धक्का दिला, फ्रेंचमध्ये माफी मागितली आणि लगेच वळून ड्रायव्हरच्या आईबहिणीचा अरबीत उद्धार केला. विदादला हसू आलं. केफला दोन्ही भाषा होत्या, पण तिथे फ्रेंच शाळेत आणि सरकारी कागदावर राहायची, जेवणाखाणाच्या बोलण्यात शिरायची नाही. इथे ती घरात चप्पल घालून फिरत होती.

जेवणाच्या टेबलावर तिला ते नीट दिसलं. दोर्साफने हरिसा, म्हणजे लाल मिरचीचं वाटण, न घालता केलेलं सूप मावशीसमोर ठेवलं. लुत्फी मासळी बाजारातल्या कोणाची तरी नक्कल करून आईला हसवत होता. आणि मग हसता हसता, घास तोंडात असतानाच, त्याची भाषा बदलली. आवाज तोच, चेहरा तोच. बायकोला म्हणाला, की तपासणीचा शेवटचा अहवाल गुरुवारी मिळतोय, मला जमणार नाही, तू जाशील का. दोर्साफ त्याच हसऱ्या सुरात म्हणाली, की मलाही सुट्टी नाही, आणि यकृतात पसरलंय हे तर आधीच कळलंय, आता नवं काय सांगणार आहेत. मग दोघं परत अरबीत आले, तिथेच, मासळीवाल्यापाशी.

विदादचा चमचा हवेतच राहिला.

मावशीला फ्रेंच येत नव्हतं, ती सूप पीत होती. तिने मान वर केली नाही. आपल्या टेबलावर रोज थोडा वेळ आपल्याला वगळून बोलणं होतं याची तिला सवय झालेली दिसत होती.

जेवण झाल्यावर दोर्साफने विदादला स्वयंपाकघरात गाठलं. तिने दार लोटलं, नळ सोडला.

“तुझ्या लक्षात आलं, हो ना?”

विदाद म्हणाली, “वहिनी, मावशीला माहीत नाही?”

“आणि कळायचंही नाही.” दोर्साफने पातेलं घासायला घेतलं. तिने जे सांगितलं ते रडून सांगितलं नाही, घासता घासता सांगितलं. तिच्या वडिलांनाही हाच आजार. एका तरुण डॉक्टरने, परदेशात शिकून आलेल्या, त्यांना समोर बसवून सगळं स्पष्ट सांगितलं. आजाऱ्याचा हक्क आहे म्हणे. वडील घरी आले, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि अकराव्या दिवशी गेले. डॉक्टरने सहा महिने दिले होते. “मी यांना रोज आंघोळ घालते, विदाद. पोटात काही टिकत नाही तरी चमचा चमचा भरवते. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी ह्या तोंड उघडायच्या नाहीत. मला पुन्हा ती भिंत बघायची नाहीये.”

हात पुसून ती मुद्द्यावर आली. गुरुवारी दवाखान्यात विदादनेच मावशीबरोबर जावं. तिला फ्रेंच येतं, आतल्या भागांची नावं समजतात, डॉक्टर काय बोलतात ते नीट ऐकून येईल. मावशीने विचारलं तर पित्ताशयाला सूज आहे म्हणायचं. गेले तीन महिने सगळे तेच म्हणत आले होते.

विदादला नाही म्हणता आलं नाही. ज्यांच्या घरी उतरलो त्यांना नाही कसं म्हणायचं? शिवाय दोर्साफ वाईट नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

गुरुवारी सकाळी तिघी निघाल्या. मावशीने पेटीतला चांगला रुमाल डोक्याला बांधला होता, लग्नाला जातात तसा. दवाखान्यात विदादने तस्नीमला मांडीवर घट्ट धरलं. टेबलाच्या खणाच्या फटीत तिची बोटं सारखी जात होती. डॉक्टर पन्नाशीचे, थकलेले, सभ्य. ते आधी मावशीशी अरबीत बोलले. “काय आजी, कशा आहात? काही घाबरायचं नाही. जेवा, झोपा, नातवंडांना रागवा.” मग चष्मा सरकवून विदादकडे वळले आणि त्यांचं फ्रेंच सुरू झालं. स्वादुपिंडातून सुरुवात, यकृत बरंच गेलेलं, आता शस्त्रक्रिया नाही, जड औषधं नाहीत, दुखू नये एवढंच बघायचं. दोन महिने, फार तर चार. घरच्यांनी न सांगायचं ठरवलंय, मलाही ते बरोबर वाटतं.

विदाद मान हलवत होती. चेहऱ्यावर तिने काहीही येऊ दिलं नाही. ताप मोजताना पोरीसमोर आकडा वाचून ठेवायचा असतो तसा चेहरा; चौदा महिन्यांत तिला तो छान जमायला लागला होता. पण तिच्या लक्षात आलं, की मावशी डॉक्टरांकडे बघतच नव्हती. ती पहिल्यापासून विदादकडे बघत होती.

बाहेर पडल्यावर मावशी म्हणाली, की लगेच घरी नको जाऊया, बसू जरा. रस्त्याच्या कडेला कडू संत्र्यांची झाडं फुलली होती आणि त्यांच्याखाली बाकं होती. एक बाई पाटीत फुलं घेऊन बसली होती, अर्क काढायला नेण्यासाठी, किलोने विकत. तस्नीमने मूठभर फुलं तोंडाकडे नेली, विदादने मूठ उघडून एकेक काढून टाकली. मावशी ते संपेपर्यंत थांबली.

“काय म्हणाला?”

“काही नाही गं मावशी. तेच.”

“तेच म्हणजे?”

“सूज आहे म्हणाला.”

मावशीने हात उचलून तिला थांबवलं. “विदाद, ऐक आधी. मग बोल. लुत्फी मला सांगणार नाही, तो पुरुष आहे, त्याला माझ्याकडे बघताच येत नाही. दोर्साफ सांगणार नाही. आठ वर्षांची पोर, तिलाही घरातल्या कुजबुजीतलं समजतं आणि ती माझ्यासमोर गप्प बसते. शिकवलंय तिला. मी त्यांना विचारत नाही. मी तुला विचारतेय, कारण तुझ्या जन्माच्या वेळी तुझ्या आईचं बाळंतपण मी केलंय आणि तू उद्या-परवा जाणारेस. तुला माझ्याबरोबर राहायचं नाहीये, त्यामुळे तुला खरं बोलायला काय जातं?”

विदादने तस्नीमचा तळवा रुमालाने पुसला.

“आजार वाईट असेल तर मला एक काम आहे,” मावशी म्हणाली. “उद्या सकाळच्या गाडीने मी तुझ्याबरोबर केफला येते. तुझ्या आईच्या दारात उभी राहते आणि म्हणते, मला माफ कर. मरणाऱ्या माणसाने माफी मागायची असते, त्यात कमीपणा नाही. पण नुसती सूज असेल,” तिने तस्नीमच्या केसातलं एक फूल काढलं, “तर मी का जाऊ? मी मोठी आहे. तिने यायचं. मी दहा वर्षं वाट बघेन, पण तिने यायचं. कळलं? म्हणून विचारतेय. उगाच रडारडीसाठी नाही विचारत.”

इतकं सरळ विदादला आयुष्यात कोणी काही विचारलं नव्हतं. उत्तरही तिच्याजवळ होतं, तयार, फ्रेंचमध्ये, आणि अरबीत सांगायला चार शब्दसुद्धा लागले नसते. तिला दोर्साफचं पातेलं आठवलं, भिंतीकडे तोंड केलेला तो माणूस आठवला. रस्त्यात मावशीला काही झालं तर? कडेवर पोर आणि शेजारी कोसळलेली मावशी, अनोळखी शहर. आणि आणखी एक गोष्ट तिच्या मनात आली, जी तिने पुढे नवऱ्यालाही सांगितली नाही. सुट्टीचे दोन दिवस उरले होते आणि तस्नीमला अजून समुद्र दाखवायचा होता. आज खरं बोललं तर उद्या समुद्र नाही. एवढं स्पष्ट ती तेव्हा मनाशी म्हणाली नाही, पण ते तिथे होतं.

“पित्ताशयाला सूज आहे, मावशी,” ती म्हणाली. “जुनी आहे म्हणून वेळ लागतोय. गोळ्या बदलून दिल्यात. तिखट खायचं नाही.”

“शपथ?”

“शपथ.”

मावशीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिचे खांदे खाली आले. एवढ्या वेळ ते ताणलेले होते हे विदादला तेव्हा कळलं. “अल्लाची कृपा,” मावशी म्हणाली. “तू खोटं बोलणारी नाहीस. लहानपणी साखर चोरलीस तरी स्वतःच येऊन सांगायचीस.” आणि उठताना, गुडघ्यावर हात टेकवत, तिच्या आवाजात जुनी कडक धार परत आली. “मग मबरूकानेच यायचं. सांग तिला. घाई नाही म्हणावं, पण यायचं तिनेच.”

शुक्रवारी विदाद तस्नीमला घेऊन समुद्रावर गेली. उपनगरी गाडीने मार्सापर्यंत. साखरेत घोळवलेले गरम तळलेले वडे, बंबालोनी, खाल्ले, पोरीचे पाय पाण्यात बुडवले, ती किंचाळून हसली, आणि विदादने तिचे चाळीस फोटो काढले. तो दिवस चांगला गेला हेच नंतर तिला सहन होईना. ढग आले असते, पोर आजारी पडली असती, काहीतरी बिघडलं असतं तर बरं झालं असतं. काहीच बिघडलं नाही.

शनिवारी निघताना मावशीने तिच्या पिशवीत पातळ पोळ्यांची चळत आणि फुलांच्या अर्काची बाटली कोंबली. आईसाठी काही देऊ का, असं विदादनेच विचारलं. “तिच्यासाठी काही देत नाही,” मावशी म्हणाली. “स्वतः येऊन नेईल.”

गाडीत विदादने मनाशी सगळं जुळवलं होतं. आईला खरं सांगायचं. आई तडक ट्युनिसला जाईल. मावशीला वाटेल, धाकटी नमली. तिचा मान राहील. आजार कोणी बोलायचा नाही, आणि बहिणी भेटतील. वरच्या घाटात तर तिला आपण शहाणपणा केला असंसुद्धा वाटलं.

मबरूका रव्याचे दाणे वळत बसली होती. विदादने तस्नीमला खाली ठेवलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. आईचे हात परातीत थांबले. मग तिने ते झटकले, उठली, कपाटावरची पिशवी काढली आणि दोन पोशाख, जपमाळ, रक्तदाबाच्या गोळ्या असं भरायला लागली. विदादला रडू आलं, सुटल्यासारखं.

पिशवीची चेन अर्धी लागली आणि मबरूकाचा हात तिथेच राहिला.

“तिला माहीत नाही म्हणालीस ना तू?”

“नाही.”

“मग मी गेले की कळेल.”

विदादला आधी समजलंच नाही. आई खाटेच्या कडेवर बसली. “सहा वर्षं ज्या दारात मी गेले नाही, त्या दारात मी आता पिशवी घेऊन उभी राहिले, तर ती काय समजेल? मबरूका नमली असं? शाद्लिया? मला बघितल्याक्षणी तिला कळेल की आपण मरतोय. ती मला ओळखते, बाई. तिने मला पाळण्यात घातलंय.”

विदाद म्हणाली, डोळे दाखवायच्या निमित्ताने जा. आईने मान हलवली. मी निमित्त काढून येणारी नाही हेही तिला ठाऊक आहे, म्हणाली. तरी आईने लुत्फीला फोन लावला. तो आधी गहिवरला, मग त्यानेही तेच सांगितलं. “मबरूकामावशी, तुम्ही येऊ नका. तुम्ही आलात तर तिला वेगळं सांगायला लागणारच नाही. थोडी बरी झाली की बघू.” बरी. तोही तीन महिने तेच बोलून बोलून स्वतः मानायला लागला होता.

मबरूकाने फोन ठेवला. पिशवीतले कपडे काढून पुन्हा कपाटात लावले, घड्या मोडू न देता. मग विदादकडे न बघता विचारलं, “तिने तुला विचारलं होतं का? सरळ?”

खोटं बोलायची हीही एक संधी होती. पण इथे विदादला ते जमलं नाही. तिने बाकावरचं सगळं सांगितलं, माफीचं, सकाळच्या गाडीचं, शपथेचं.

“म्हणजे ती येत होती,” आई म्हणाली.

“आई, मला वाटलं की...”

“ती येत होती माझ्याकडे. तू वाटेत आडवी झालीस.” तिचा आवाज चढला नव्हता. “बापाने मेंढ्या विकून कॉलेजात धाडलं तुला. ह्यासाठी.”

त्या दिवसापासून मबरूका नातीशी बोलते. मुलीशी कामापुरतं.

विदादने दुरुस्त करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तिने मावशीला फोन केला, चारदा. मावशीचा स्वतःचा फोन नाही, ती पहिल्यापासून घरातल्यांच्याच फोनवरून बोलते. मावशीचे हात दुखतात म्हणून दोर्साफ आपला फोन तिच्या कानाशी धरते आणि आवाज मोठा ठेवते. खोलीत सगळ्यांना ऐकू जातं. पहिल्या वेळी मावशी म्हणाली, नव्या गोळ्यांनी बरं वाटतंय. दुसऱ्या वेळी म्हणाली, भूक नाही, पण उन्हाळा येतोय म्हणून असेल. तिसऱ्या वेळी तिने विचारलं, “मबरूका काय म्हणते?” आणि विदादने सांगितलं, ती येईल, मावशी, तिची तब्येत जरा बरी नाही. झालं, आणखी एक आजार तिने बसल्या जागी तयार केला. तेव्हा मावशी, आवाज अगदी बारीक झाला होता तिचा, पण त्यात खट्याळपणा होता, म्हणाली, “येऊ दे सावकाश. तिला म्हणावं, आता मला वेळच वेळ आहे. तूच नाही का सांगितलंस?”

चौथ्या वेळी दोर्साफनेच फोन घेतला. आई झोपल्यात म्हणाली. मागे लिना काहीतरी विचारत होती, दोन्ही भाषांत, एकदा या, एकदा त्या.

त्यानंतर फोन लागत नाही. आज नववा दिवस. लुत्फीचा वाजतो आणि बंद होतो. काही झालं असतं तर कळवलं असतं, असं सामी म्हणतो. विदादला वाटतं, कळवलं नसतं. तिने स्वतः ट्युनिसला जायला हवं हे तिला कोणी सांगायला नको. तस्नीमला कांजिण्या आल्यात, अंगभर फोड आहेत, आठ माणसांच्या गाडीत तिला कोण बसू देणार? हे खरं आहे. पण कांजिण्या परवा आल्या. त्याआधी पाच आठवडे होते, आणि रोज सकाळी त्या नाक्यावरून गाडी सुटत होती, हेही खरं आहे. काही सकाळी विदाद पाव आणायला जाताना ती भरताना बघायची, सात माणसं बसलेली, एक जागा मोकळी, आणि ड्रायव्हर दारात उभा राहून “ट्युनिस, ट्युनिस” असं ओरडत असलेला. ती पाव घेऊन घरी यायची.

मावशीच्या डोळ्यांना ती कशी सामोरी जाणार? तिच्यासमोर बसून काय म्हणणार? ज्या तोंडाने शपथ घेतली ते तोंड घेऊन जायचं, आणि त्या दारातून आत शिरताच मावशी पुन्हा तिच्याकडे बघायला लागणार, डॉक्टरांकडे न बघता बघितलं तशी.

तर हे वाचणाऱ्यांपैकी कोणी येत्या दिवसांत ट्युनिसला जाणार असेल, तर लाफायेतमध्ये एवढं करा. कोपऱ्यावर चावीवाल्याचं दुकान आहे, त्याला लागून हिरव्या दाराची इमारत. तिसरा मजला, डावीकडचं दार. बेल बंद आहे, ठोठावावं लागतं. आत कोणी फ्रेंचमध्ये बोललं तर तुम्ही अरबीतच बोला आणि म्हणा, शाद्लियाबाईंना बघायचंय. झोपल्यात म्हणाले तरी जाऊ नका, दारातच थांबा. ती आहे का बघा. तिच्या तोंडात घास जातोय का बघा, आणि ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून आहे का तेही. आणि मग केफला पोस्टात सामीच्या नावावर निरोप ठेवा, जो असेल तो, गोड न करता.